जागाबदल बाई

जागाबदल बाईंबरोबर बसायचं म्हणजे उठायची तयारी ठेवूनच बसावं लागे. तुम्ही टेकलात, पाण्याचा ग्लास हातात घेतलात, शेजारच्याशी बोलायला तोंड उघडलंत, की बाईंची नजर टेबलावरून एक फेरी मारून यायची. कोण कुणाला चिकटून बसलंय ते त्या तेवढ्यात हेरायच्या. मग दोन टाळ्या आणि आरोळी, "चेंज प्लेस! चेंज प्लेस!" वय सत्तरीच्या पुढे, उंची आमच्या फ्रिजच्या दांडीपर्यंत, पण आवाज असा खणखणीत की सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या आमच्या ब्लॉकच्या कठड्यावरची कबुतरंसुद्धा एकेक जागा सरकून बसत असावीत, असा मला दाट संशय आहे.

त्यांचं खरं नाव मिसेस लिम. आमच्याच मजल्यावर, लिफ्टपासून दुसरं दार. एका सरकारी शाळेतून त्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, पण रस्त्यात भेटणारे पांढऱ्या केसांचे विद्यार्थी त्यांना अजूनही 'चेर' म्हणायचे. इथली मुलं टीचर हा शब्द अर्धा गिळून टाकतात, त्याचं उरतं ते एवढंच. 'जागाबदल बाई' हे नाव आमच्या घरात पडलं आणि ते त्यांना कधीच कळलं नाही. कळलं असतं तर त्यांनी ते अभिमानाने मिरवलं असतं, याबद्दल शंका नाही. बाईंचं इंग्रजी अस्सल इथलं, दर वाक्याच्या शेवटी 'ला' जोडलेलं. ते मी इथे सरळ मराठीत सांगतो आहे, कारण तो ठसका मला काही कागदावर उतरवता येणार नाही.

पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. आम्ही त्या दिवशीच पुण्याहून येऊन या घरात राहायला आलो होतो. मी, माझी बायको मानसी, आमची ईरा आणि बॅगा, असे सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे होतो. समोरच्या कोपऱ्यात एक मलय कुटुंब तसंच दाटीवाटीने उभं होतं. मध्ये बाई. दार बंद झालं आणि बाईंनी टाळी वाजवली. पुढचं मला नीटसं आठवत नाही. एवढंच आठवतं की आमचा मजला आला तेव्हा मानसीच्या कडेवर त्यांचं बाळ होतं, माझ्या हातात त्यांची भाजीची पिशवी होती आणि त्यांचे आजोबा आमची मोठी बॅग ओढत आमच्या दाराकडे निघाले होते. घरात शिरल्यावर मानसीने विचारलं, "आपण नक्की कुठे राहायला आलोय?"

सिंगापूरच्या सरकारी इमारतींत कुठल्या वंशाच्या लोकांची किती घरं असावीत याचं प्रमाण ठरलेलं असतं, म्हणजे सगळे चिनी एका ब्लॉकमध्ये आणि सगळे मलय दुसऱ्या ब्लॉकमध्ये असं होत नाही. बाईंचं ठाम मत होतं की ही कल्पना सरकारने त्यांच्या शाळेच्या कॅन्टीनमधून उचलली. "साधं थँक यूसुद्धा म्हणाले नाहीत," असं त्या सांगायच्या आणि खरोखर रागावायच्या. मी एकदा चेष्टेत म्हटलं की बाई, सरकारला एक पत्र टाका. तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "नको. काम झालं ना, मग नाव कशाला?" त्यावर मला हसू दाबायला खोकावं लागलं.

आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या दुकानांच्या गर्दीत, मात्र बाईंचा एक मोठा शत्रू होता. टिश्यूचा पुडा. दुपारी तिथे जेवायला जागा मिळणं कठीण असतं. म्हणून इथली रीत अशी की आधी रिकाम्या स्टुलासमोर टिश्यूचा पुडा ठेवायचा आणि मग निवांत रांगेत जाऊन जेवण आणायचं. पुडा ठेवला की जागा धरली. याला इथे 'चोप' म्हणतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, पण तो रुमाल झटकून खुशाल बसणारा एखादा वीर निघतोच. इथे तसा वीर जन्माला आलेला नाही. हातात गरम सूपचा वाडगा घेऊन माणूस उभ्याउभ्या घामाघूम होईल, पण पुडा ठेवलेल्या जागेवर बसणार नाही. दीड वीत कागदाच्या त्या पुड्याला इथे सातबाराच्या उताऱ्याची किंमत आहे.

बाईंना हे अजिबात खपायचं नाही. पुड्यांमुळे ओळखीचे लोक ओळखीच्यांजवळच बसतात, आणि जागा बदलायची म्हटलं तरी समोरची जागा आधीच अडकलेली असते, ही त्यांची तक्रार. "टिश्यू नाक पुसायला असतो," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. पण गंमत अशी की बाईंची स्वतःची जागा ठरलेली होती. खांबाला लागून, पंख्याखाली. तिथे चुकून कुणी बसलंच तर बाई हातात काळी कॉफी घेऊन त्याच्या मागे उभ्या राहायच्या आणि खाकरायच्या. तो उठेपर्यंत खाकरायच्या. कॉफीवाले अंकल तिकडून हसायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही का नाही जागा बदलत?"

"मी ड्युटीवर असते," त्या म्हणाल्या. "ड्युटीवरच्या माणसाने एका जागी थांबायचं असतं."

एका संक्रांतीला आम्ही बाईंना आमच्या मराठी मंडळींच्या तिळगुळाला घेऊन गेलो. सगळे मराठी, तेव्हा तिथे तरी बाईंना काही काम निघणार नाही, अशी माझी समजूत होती. बाईंनी गुळाची पोळी खाल्ली, तूप मागून घेतलं आणि हॉलभर नजर टाकली.

"ते एसीजवळ बसलेत ते कोण?"

"पुण्याचे."

"दाराजवळचे?"

"नागपूरचे."

"आणि जेवणाच्या टेबलाला खेटून बसलेत ते?"

"मुंबईचे. त्यांना लांब बुकित बातोकला परत जायचं असतं, म्हणून ते आधी जेवून घेतात."

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी गृहपाठ न करता वर्गात आलोय. पुढच्या क्षणी टाळ्या. मंडळाचे अध्यक्ष बावरून सगळ्यांच्या आधी उठले आणि नागपूरच्या एका वहिनींशेजारी जाऊन बसले. अध्यक्ष सदाशिव पेठेतले. वहिनी धंतोलीतल्या. दोघांची एकमेकांच्या गावांबद्दल ठाम मतं होती आणि अजूनही तीच आहेत, पण पूर्वी ती आपापल्या टेबलावर सांगितली जायची, ती आता समोरासमोर सांगितली जातात. संक्रांत गेली, होळी आली, तरी त्यांचा वाद चालूच आहे आणि दोघंही प्रत्येक कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी हजर असतात.

ईराची तर रोज लिफ्टमध्ये उलटतपासणी व्हायची. ती जवळच्याच सरकारी शाळेत जाते. तिथे मातृभाषेच्या तासाला मुलं वेगवेगळ्या वर्गांत पांगतात आणि आमची मराठी मुलगी हिंदीच्या वर्गात जाऊन बसते. बाईंना तासांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच, "रिसेसला कुणाशेजारी बसलीस?" ईरा म्हणायची, "नूरशेजारी." "काल?" "नूर लाऽ." "परवा?" मग ईरा माझ्याकडे बघून म्हणायची, "बाबा, लिफ्ट सो स्लो, कॅन वुई टेक स्टेअर्स?" बाई तिला डोळा मारायच्या. नूर मलय होती, तेव्हा तशी तक्रारीला जागा नव्हती. पण तीच नूर रोज रोज, हे बाईंना जरा बेशिस्तीचं वाटायचं.

हा छंद बाईंना कुठे जडला ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, बहुतेक वेळा खांबाजवळच्या त्या जागेवर बसून. त्या तरुण होत्या तेव्हा इथल्या मुलांच्या शाळा भाषेप्रमाणे वेगळ्या होत्या. चिनी मुलं चिनी शाळेत, मलय मुलं मलय शाळेत, तमिळ मुलं तमिळ शाळेत. शेजारी राहूनही पोरांची गाठ पडायची नाही. शहरात त्याआधी दंगली होऊन गेल्या होत्या, घरोघरी आईबापांच्या पोटात भीती होती. मग सरकारने काही ठिकाणी दोन भाषांच्या शाळा एका इमारतीत आणल्या. एक मुख्याध्यापक, एक झेंडा, एक मैदान. बाईंच्या शाळेत चिनी शाखा आणि मलय शाखा. वर्ग निरनिराळे, पण कवायत आणि चित्रकला एकत्र, आणि हे दोन्ही विषय बाईंकडे. शिवाय मधल्या सुट्टीत कॅन्टीनवर लक्ष ठेवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं.

त्या कॅन्टीनच्या मधोमध पावसाचं पाणी वाहून नेणारी एक चर होती, वर फरशी टाकलेली. चरीच्या एका अंगाला नूडल्सचं दुकान, दुसऱ्या अंगाला मलय भाताचं. पहिल्या दिवशी मुलं आली आणि कुणी न सांगता चरीच्या दोन्ही बाजूंना दोन शाळा होऊन बसली. बरोबर चरीवर जे टेबल यायचं त्यावर कुणीच बसायचं नाही. तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवायचे. बाईंनी शिट्टी वाजवली, "चेंज प्लेस!" मुलं आज्ञाधारक. उठली, डबे घेऊन चरीपलीकडे गेली, बसली. "मी पाठ फिरवली की मागून धप्प धप्प आवाज यायचा," बाई सांगायच्या. "मुलं चर ओलांडून परत यायची. मी वळले की सगळी चिडीचूप. माझ्या पाठीला डोळे असते तर हा देश आणखी लवकर सुधारला असता."

पुढे सगळ्या शाळा एकाच भाषेच्या झाल्या, शाखा गेल्या, मुलं एकाच वर्गात एकमेकांची पेन्सिल चोरू लागली. मधल्या सुट्टीत मात्र चर तशीच राहिली. बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या दिवशी त्यांनी शेवटची शिट्टी वाजवली, आणि पाठ फिरवली तेव्हा धप्प धप्प ऐकू आलंच. हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसायच्या की कॉफी सांडायची.

मग एक दिवस बातमी आली. शाळा कधीचीच दुसऱ्या शाळेत विलीन झाली होती, इमारत नुसती उभी होती. ती आता पाडणार होते. पाडण्याआधी जुन्या विद्यार्थ्यांनी त्या कॅन्टीनमध्ये एकदा जेवायचं ठरवलं. चिनी शाखेची जबाबदारी टॅन नावाच्या गृहस्थाकडे, मलय शाखेची रहमान नावाच्या गृहस्थाकडे. दोघंही आजोबा झालेले, आणि दोघंही त्या काळी चर ओलांडण्यात तरबेज. एका सकाळी ते बाईंना आमंत्रण द्यायला हॉकर सेंटरवर आले. मी तिथेच इडियप्पम, म्हणजे तांदळाच्या शेवया, खात होतो.

"चेर, यायचंच," टॅन म्हणाला. "फक्त या वेळी चेंज प्लेस नको."

"लोक इतक्या वर्षांनी भेटणार," रहमान म्हणाला. "कुणाचा गुडघा धरलेला, कुणाची पाठ. ज्याला त्याला आपल्या मित्राजवळ बसू दे."

बाईंनी कप खाली ठेवला. "हे सांगायला दोघं मिळून आलात?"

"हो चेर."

"एका टेबलावर बसून सांगताय?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "हो चेर."

"मला थांबवायचं म्हटल्यावर बरे एकत्र येता!"

पण बाईंनी शब्द दिला. गळ्यात अजूनही असायची ती शाळेची शिट्टी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "तू सांभाळ. माझा माझ्यावर भरवसा नाही." टॅन आणि रहमान गेल्यावर त्यांनी थंड झालेली कॉफी संपवली. मग म्हणाल्या, "वर्ग सरकारने एक केले. जेवण माझ्याकडे दिलं होतं. ते मला जमलं नाही. वाटलं होतं, एकदा तरी बघायला मिळेल. आता कॅन्टीनच जाणार." वर येताना लिफ्टमध्ये एक भारतीय कुटुंब एका कोपऱ्यात आणि दोन चिनी आज्या दुसऱ्या कोपऱ्यात उभ्या होत्या. बाईंनी कुणाला हलवलं नाही. मला त्या पहिल्यांदाच म्हाताऱ्या वाटल्या आणि वाईट वाटलं.

याच सुमारास माझी आई मिरजेहून आमच्याकडे राहायला आली होती. आमच्या आळीत मुंज असो, बारसं असो, पंगत मांडायला आईलाच बोलावणं असायचं. पानं कशी मांडायची, मीठ कुठे, चटणी कुठे, दोन पानांत अंतर किती, याबाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नाही. इथे आल्यावर तिने एकच अट घातली होती, बाहेरचं काही खायचं नाही. त्यामुळे हॉकर सेंटरची पायरी ती चढली नव्हती. बाईंशी मात्र तिची दोन दिवसांत गट्टी जमली. आई मराठीत बोलायची, बाई मँडरिनमध्ये, आणि आपण दोघी भेंडीच्या भावाबद्दल बोलतोय अशी दोघींचीही खात्री असायची.

जेवणाच्या दिवशी बाईंनी आम्हा मायलेकांना मदतीला बोलावलं. त्यांनी अननसाच्या वड्यांचे डबेच्या डबे भाजून ठेवले होते, ते घेऊन आम्ही पुढे गेलो. बाई मागून टॅक्सीने येणार होत्या. कॅन्टीनमध्ये पोचलो तर चिटपाखरू नव्हतं. सगळे शेजारच्या हॉलमध्ये भाषणं ऐकायला आणि फोटो काढायला गेले होते. जाताना मात्र त्यांनी जागा धरून ठेवल्या होत्या. रहमानने मलय शाखेसाठी हिरवे पुडे आणले होते, टॅनने चिनी शाखेसाठी लाल. चरीच्या या बाजूला सगळी टेबलं हिरवी, त्या बाजूला सगळी लाल. मधलं टेबल रिकामं. जेवण मलय केटररचं, म्हणजे हलाल होतं, भाज्या वेगळ्या ठेवलेल्या, म्हणजे कुणाला खाण्यापिण्याची सबब सांगायलाही जागा नव्हती. तरी चर जशीच्या तशी.

मी कपाळाला हात लावणार एवढ्यात माझा फोन वाजला. शनिवार होता, पण पुण्याच्या ऑफिसला शनिवार कळत नाही. मी मैदानात जाऊन, सर्व्हर का बंद पडला यावर मोठ्याने बोलत बसलो. परत आलो तेव्हा आई कमरेला पदर खोचून उभी होती आणि समाधानाने टेबलांकडे बघत होती.

"कुणीतरी हात पुसायचे कागद अर्धवट मांडून गेलं होतं रे," ती म्हणाली. "हिरव्यांचा ढीग इकडे, लालांचा तिकडे, मधलं टेबल तसंच. मांडून टाकले सगळे."

आईने पंगत मांडली होती. प्रत्येक जागेला एक पुडा, एक हिरवा, एक लाल, एक हिरवा, एक लाल. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चरीवरच्या टेबलासकट. रेषा अशी सरळ की दोरी लावून मांडल्यासारखी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. "आई, अगं या लोकांच्या जागा..." एवढंच मी म्हणालो आणि हॉलचं दार उघडलं.

साठीतली, पासष्टीतली मंडळी हसत-बोलत आत आली आणि दारातच थबकली. पुढचे थांबले म्हणून मागचे त्यांच्यावर आदळले. टॅनने पुड्यांकडे पाहिलं, मग रहमानकडे. रहमानने पुड्यांकडे पाहिलं, मग टॅनकडे. चेरला बरं वाटावं म्हणून हे दुसऱ्याने केलं, अशी प्रत्येकाची समजूत झाली, आणि आपण बोललो तर आपणच वाईट दिसू, म्हणून दोघंही गप्प बसले. पुडा उचलून दुसरीकडे ठेवायची तर कुणाची छाती नव्हती. चोप म्हणजे चोप. हिरव्यांपैकी एक आजी पुढे झाल्या, एका हिरव्या पुड्यासमोर बसल्या. त्यांच्या शेजारच्या लाल पुड्याकडे एक गृहस्थ कुरकुरत आले आणि बसले. मग एकेक करून सगळेच आपापला रंग शोधत बसत गेले. शिट्टीने जे झालं नाही ते या देशात टिश्यूच्या पुड्याने पाच मिनिटांत केलं, आणि तेसुद्धा नियम पाळून.

बाई सगळ्यात शेवटी आल्या. शब्द दिला होता म्हणून ओठ घट्ट मिटलेले. त्या दारात उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "तू शिट्टी वाजवलीस?" मी खिशातून शिट्टी काढून दाखवली आणि आईकडे बोट केलं.

"तिला विचार, असं का मांडलं?"

मी विचारलं. आईला प्रश्नच कळेना. "का म्हणजे? एका रंगाचे एकीकडे ठेवले की ओकंबोकं दिसतं. एकाआड एक ठेवले की छान दिसतं."

मी हे बाईंना इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ते ऐकलं, दोनदा मान हलवली. "छान दिसतं," त्या पुटपुटल्या. "इतकी वर्षं मी मुलांना सांगत राहिले, हे देशासाठी चांगलं आहे, तुमच्यासाठी चांगलं आहे. छान दिसतं, हे मी एकदाही सांगितलं नाही!"

सगळ्या जागा भरल्या होत्या. बाईंनी आयुष्यात कधी पुडा ठेवला नव्हता, तेव्हा त्यांना जागाच नव्हती. त्या हातात ताट घेऊन, जुन्या सवयीने, भिंतीपाशी उभ्याने जेवायला लागल्या. चरीवरच्या टेबलाशी टॅन आणि रहमान शेजारी शेजारी आले होते. टॅन डावीकडे सरकला, रहमान उजवीकडे, आणि मधल्या जागेवर रहमानने थाप मारली. "चेर, चेंज प्लेस!" सगळं कॅन्टीन हसलं. बाई त्या दोघांच्या मध्ये, बरोबर चरीवर बसल्या. जेवण होत आलं तेव्हा कुणीतरी ओरडलं, "चेर, शब्द माफ! एकदा वाजवा!" मग सगळेच टेबलं बडवायला लागले. मी शिट्टी बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती ओठांजवळ नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहिलं आणि शिट्टी पर्समध्ये टाकली.

"कुणी जागेवरून हलायचं नाही," त्या म्हणाल्या.

आणि खरंच कुणी हललं नाही. कुलूप लावायला आलेला माणूस दारात किल्ल्या वाजवत राहिला, शेवटी तोही अननसाची वडी घेऊन बसला.

घरी आल्यावर ईराने सगळं ऐकलं आणि ती जमिनीवर लोळायचीच बाकी राहिली. "आजी, दॅट वॉज चोप लाऽ! यू स्टोल एव्हरीबडीज सीट!" आईला समजावून सांगितलं तेव्हा ती कानकोंडी झाली. "म्हणजे मी लोकांच्या जागा हलवल्या? अरे देवा!" त्यानंतर तिने टिश्यूच्या पुड्याची इतकी धास्ती घेतली की आमच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर पुडा दिसला, तरी ती बसण्याआधी मानसीला विचारायची, "इथे कुणी बसणार आहे का?"

आई मिरजेला परतली. इमारत पाडली. चरही गेली. आणि पुढच्या वर्षी, थोड्याच दिवसांच्या आजारपणात, बाई गेल्या. इथल्या रीतीप्रमाणे ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या मजल्यावर मांडव घातला होता, गोल टेबलं, शेंगा, पाण्याचे पेले. मी बसलो त्या टेबलावर एका बाजूला रहमान, दुसऱ्या बाजूला धंतोलीच्या वहिनी आणि समोर आमच्या लिफ्टमधले ते मलय आजोबा होते. मला रडू आवरेना. इतकी माणसं योग्य ठिकाणी बसलेली आणि ते बघायला त्याच नव्हत्या.

आई पुन्हा आली तेव्हा बाहेरचं न खाण्याची अट थोडी सैल झाली होती. मी तिला खालच्या हॉकर सेंटरमध्ये नेलं. दुपारची वेळ, पाय ठेवायला जागा नाही. बाईंचं खांबाजवळचं, पंख्याखालचं स्टूल मात्र रिकामं होतं, आणि त्याच्यासमोर टिश्यूचा पुडा. बाई गेल्यापासून कॉफीवाले अंकल रोज सकाळी तिथे एक पुडा ठेवायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लोक यायचे, पुडा बघायचे आणि पुढे जायचे. आम्ही त्याच टेबलाच्या उरलेल्या दोन स्टुलांवर बसलो. मी आईला सांगितलं, ही बाईंची जागा. आई पुड्याकडे बघत राहिली. तिने हात मांडीखाली घालून ठेवले होते, चुकून लागेल म्हणून.

तेवढ्यात ऑफिसमधली एक तरुण मुलगी हातात वाफाळता वाडगा घेऊन आली. तिने स्टूल पाहिलं, पुडा पाहिला, आणि ती वळली.

"अगं ए," आई म्हणाली.

तिने पुडा उचलला. सावकाश फोडला. एक टिश्यू काढून डोळे पुसले, दुसरा काढून नाक शिंकरलं, चांगलं मोठ्याने. मग बाईंच्या स्टुलावर थाप मारली. "बस." त्या मुलीला मराठी येत नव्हतं, पण ती बसली. तिच्या मागे तिची मैत्रीण होती, तीही हातात ताट घेऊन, बसायला जागा शोधत. आईने माझ्याकडे पाहिलं.

"आणि तू काय बघत बसलायस? ऊठ, त्या पलीकडच्या आजोबांच्या टेबलावर जा."

मी उठलो.